जमिनीचे कागद आणि भिंतींवरची क्रांती

मेक्सिको सिटीतलं क्रांतीचं स्मारक मुळात स्मारक म्हणून बांधलेलंच नाही. पोर्फिरिओ दियास या हुकूमशहाला देशासाठी भव्य संसद भवन हवं होतं. १८७६ पासून, मधली चार वर्षं सोडली तर, सत्ता त्याच्याच हातात होती. एमिल बेनार या फ्रेंच वास्तुविशारदाने आराखडा केला, १९१० साली स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या धामधुमीत पायाभरणी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्रांतीला तोंड फुटलं. लोखंडी सांगाडा पुढे वर्षानुवर्षं उघड्यावर गंजत राहिला. अखेर कार्लोस ओब्रेगोन सान्तासिलिया या वास्तुविशारदाने त्यातला मधला घुमट वाचवला, खाली चार प्रचंड खांब दगडाने मढवले आणि १९३८ साली हुकूमशहाच्या अर्धवट संसदेचं क्रांतीचं स्मारक झालं.

मी गेले त्या रविवारी घुमटाखालच्या चौकातल्या कारंज्यांत पोरं भिजत होती आणि आया टॉवेल घेऊन कडेला बसल्या होत्या. तो गलका ऐकत मी खांबांपाशी फिरले. या खांबांत माणसं पुरलेली आहेत. क्रांतीची हाक देणारा फ्रान्सिस्को मादेरो, राज्यघटना आणणारा वेनुस्तियानो कारान्सा, उत्तरेचा घोडेस्वार सेनानी पांचो विया, सत्ताधारी पक्षाचा संस्थापक प्लुतार्को एलियास काय्येस आणि गरिबांना जमीन वाटणारा लासारो कार्देनास. यांचं एकमेकांशी काय नातं होतं हे ठाऊक असलं की तिथे उभं राहताना अंगावर काटा येतो. कारान्सा आणि विया एकमेकांच्या जिवावर उठले होते. काय्येसने कार्देनासला राष्ट्राध्यक्ष केलं आणि कार्देनासने १९३६ साली त्याच काय्येसला विमानात बसवून देशाबाहेर धाडलं. जिवंतपणी एका खोलीत न मावलेली ही माणसं सरकारने एका घुमटाखाली आणली. त्याच सरकारचा पक्ष नाव बदलत बदलत १९२९ पासून २००० पर्यंत सलग एकाहत्तर वर्षं सत्तेवर होता, आणि त्याच्या नावातच 'क्रांती' होती.

या घुमटाखाली एक माणूस नाही. एमिलियानो सापाता. त्याचे अवशेष दक्षिणेला, मोरेलोस राज्यातल्या कुआउत्ला गावी आहेत. क्रांती समजून घ्यायची तर तिकडे जायला हवं, हे मला त्या चौकातच पटलं.

त्याआधी राजधानीतल्या दोन खुणा सांगायला हव्यात. जुन्या शहरात निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेला एक वाडा आहे, 'फरशांचं घर' म्हणूनच तो ओळखला जातो. आज तिथे सानबोर्न्सचं उपाहारगृह आहे. डिसेंबर १९१४ मध्ये सापाताचे शेतकरी सैनिक राजधानीत शिरले, तेव्हा सानबोर्न्सच्या त्या वेळच्या जुन्या जागेतल्या काउंटरवर त्यांनी नाश्ता केला. त्या क्षणाचं छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. डोक्यावर रुंद कडांच्या टोप्या, छातीवर काडतुसांचे पट्टे, हातात कप, आणि चेहऱ्यावर परक्याच्या घरात आल्यासारखा संकोच. शहरातल्या श्रीमंतांनी लुटालुटीच्या धास्तीने दारं लावून घेतली होती. ही माणसं दारं ठोठावून जेवण मागत होती. त्याच दिवसांत राष्ट्रपती भवनात विया राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत हसत बसला आणि शेजारी सापाता अवघडून बसला, असंही एक छायाचित्र आहे. सापाताला ती खुर्ची नको होती, असं सांगतात. माझ्या मते या क्रांतीचं सगळं बळ आणि सगळी शोकांतिका त्या एका छायाचित्रात आहे. ज्यांना जमीन हवी होती त्यांना सत्ता नको होती, आणि ज्यांना सत्ता हवी होती त्यांना जमिनीची घाई नव्हती.

दुसरी खूण खिशातच सापडते. हजार पेसोंच्या नोटेवर मादेरोसोबत दोन स्त्रिया आहेत, कार्मेन सेर्दान आणि एर्मिला गालिंदो. सेर्दान कुटुंबाच्या पुएब्ला शहरातल्या घरावर १८ नोव्हेंबर १९१० रोजी पोलिसांनी छापा घातला आणि क्रांतीच्या पहिल्या गोळ्या तिथे झडल्या. कार्मेन त्या झुंजीत होती. एर्मिला गालिंदो कारान्साची सहकारी. नवी राज्यघटना लिहिली जात असताना तिने स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी लेखी मांडली. ती फेटाळली गेली. सैन्याबरोबर मैलोन्मैल चाललेल्या, रेल्वेच्या डब्यांच्या टपांवर संसार मांडणाऱ्या, भाकरी भाजणाऱ्या आणि वेळ आली की बंदूक उचलणाऱ्या 'सोल्दादेरा' स्त्रियांवर गाणी रचली गेली. त्यांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मात्र १९५३ साली मिळालं.

आणि हा मादेरो! उत्तरेतल्या गडगंज जमीनदार घराण्यातला, ठेंगणा, शाकाहाराकडे झुकलेला, परलोकविद्येवर श्रद्धा ठेवणारा माणूस. १९११ साली त्याने अध्यात्मावरचं एक पुस्तक 'भीम' या टोपणनावाने प्रसिद्ध केलं. भगवद्गीतेवरही त्याने भाष्य लिहिलं. आपण योग्य कारणासाठी शस्त्र उचलत आहोत का, हा अर्जुनाचा प्रश्न त्याचा स्वतःचा होता. १९१०-११ च्या ज्या हिवाळ्यात तो क्रांतीच्या धामधुमीत होता, त्याच हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळक 'गीतारहस्य' लिहीत होते. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती, तरी ही नोंद मला इथे करावीशी वाटते. मादेरो निवडून आला, राष्ट्राध्यक्ष झाला, पण जुन्या सैन्यावर विश्वास ठेवून बसला. फेब्रुवारी १९१३ मध्ये सेनापती उएर्ताने दगा दिला आणि मादेरोला गोळ्या घालण्यात आल्या. या कटात अमेरिकेच्या राजदूताचा हात होता.

मोरेलोसला जाणारी बस राजधानीच्या दक्षिणेतल्या तास्केन्या स्थानकावरून सुटते. डोंगर उतरून खाली गेलं की हवा उबदार होते आणि उसाचे मळे सुरू होतात. या उसानेच इथला इतिहास घडवला. दियासच्या काळात रेल्वे आली, नवी यंत्रं आली, साखरेला भाव आला, आणि हासिएंदा म्हणजे जमीनदारांच्या प्रचंड मळ्यांनी आजूबाजूच्या गावांच्या सामाईक जमिनी, पाणी, गायरानं गिळायला सुरुवात केली. गावकरी कोर्टात जात, अर्ज करत, हरत. आपल्याच शेतात मजूर होत.

कुआउत्लाच्या पुढे आनेनेकुइल्को हे लहानसं गाव लागतं. ८ ऑगस्ट १८७९ रोजी सापाता इथे जन्मला. त्याच्या घराच्या कच्च्या विटांच्या भिंती अर्ध्यामुर्ध्या उभ्या आहेत, त्यांवर छप्पर घालून शेजारी छोटं संग्रहालय केलं आहे. सापाता अगदी कंगाल नव्हता. थोडी जमीन, खेचरं, घोडे फिरवण्यातलं नाव, आणि कलिंगडाची शेती. १९०९ च्या सप्टेंबरात गावातल्या म्हाताऱ्या पंचांनी 'आता आमच्याने होत नाही' म्हणून राजीनामे दिले आणि तिशीतल्या सापाताला प्रमुख निवडलं. त्याच्या हाती त्यांनी सोपवलं काय, तर गावाच्या जमिनीचे कागद. स्पॅनिश व्हाइसरॉयच्या काळातल्या सनदा, नकाशे, निवाडे. आपल्याकडे सातबाऱ्यासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेलपाटे घालतात, त्यांना त्या कागदांची किंमत वेगळी सांगायला नको. सापाताने ते कागद वाचून घेतले आणि मग बंदूक उचलली. नोव्हेंबर १९११ मध्ये त्याने आणि ओतिलिओ मोन्तान्यो या शाळामास्तराने 'आयालाचा जाहीरनामा' काढला. बळकावलेल्या जमिनी गावांना परत आणि मोठ्या मळ्यांचा एक तृतीयांश भाग भूमिहीनांना, ही त्यातली मागणी.

युद्धभर हे कागद सापाताने जिवापाड जपले आणि फ्रान्सिस्को फ्रँको या विश्वासू गावकऱ्याच्या स्वाधीन केले. फ्रँकोने ते पुढची कित्येक वर्षं सांभाळले. त्यांच्याच आधारे १९४३ साली हेसुस सोतेलो इंक्लान या अभ्यासकाने सापाताच्या लढ्याची मुळं दाखवणारं पुस्तक लिहिलं. फ्रँको मात्र १९४७ साली मारला गेला, क्रांतीच्या नावाने राज्य करणाऱ्यांच्याच अमदानीत. स्मारकाच्या घुमटापेक्षा ही एक घटना मला अधिक शिकवून गेली.

चिनामेकाची हासिएंदा तिथून तासाभराच्या वाटेवर आहे. १० एप्रिल १९१९ रोजी कर्नल गुआहार्दोने, आपण कारान्साची बाजू सोडून तुमच्याकडे येतो असं भासवून, सापाताला इथे बोलावलं. मानवंदनेसाठी सैनिक रांगेत उभे होते, बिगूल वाजला आणि त्याच सैनिकांनी बंदुका त्याच्यावर रोखल्या. फाटकाच्या दगडांत गोळ्यांच्या खुणा आहेत. मृतदेह कुआउत्लाला आणून लोकांना दाखवला गेला, तरी अनेकांनी मानलं नाही. तो सापाता नव्हेच, तो घोड्यावरून डोंगरात गेला, कुणी म्हणे अरबस्तानात गेला. कुआउत्लाच्या चौकात पुतळ्याखाली त्याचे अवशेष आहेत. तिथे सावलीला बसलेल्या एका आजीबाईंना मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, राजधानीत का नाही नेलं त्यांना? त्या म्हणाल्या, "तिथे त्याला मारणाऱ्यांच्या शेजारी झोपवायचं होतं. आम्ही नाही दिला."

युद्धाची किंमत भयंकर होती. १९१० च्या जनगणनेत मेक्सिकोची लोकसंख्या १ कोटी ५२ लाखांच्या आसपास होती, १९२१ मध्ये ती १ कोटी ४३ लाखांवर आली. गोळीने, उपासमारीने, १९१८ च्या साथीने माणसं गेली, कितीतरी सीमा ओलांडून अमेरिकेत गेली. पण या रक्तपातातून ५ फेब्रुवारी १९१७ ची राज्यघटना आली. तिच्या २७ व्या कलमाने जमीन आणि जमिनीखालचं धन मूलतः राष्ट्राचं ठरवलं, १२३ व्या कलमाने आठ तासांचा दिवस कामगाराच्या हक्कात बसवला. रशियन क्रांतीच्याही आधी. सापाता मारला गेला, पण त्याची मागणी त्याच्या शत्रूंना कायद्यात लिहावी लागली. तिची खरी अंमलबजावणी कार्देनासने केली. १९३४ ते १९४० या सहा वर्षांत त्याने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन गावांना 'एहिदो' म्हणून, म्हणजे सामाईक मालकी आणि वैयक्तिक वहिवाट अशा पद्धतीने दिली. मार्च १९३८ मध्ये त्याने परदेशी तेल कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, तेव्हा नुकसानभरपाईसाठी बायका ललितकला भवनासमोर रांगा लावून दागिने देत होत्या, आणि ज्यांच्याकडे दागिने नव्हते त्या कोंबड्या आणत होत्या.

क्रांती ज्यांना वाचता येत नव्हती त्यांच्यासाठी ती भिंतींवर लिहिली गेली. १९२१ साली शिक्षणमंत्री झालेल्या होसे वास्कोन्सेलोसने सरकारी भिंती चित्रकारांच्या हवाली केल्या, खेड्यांत शिक्षक आणि पुस्तकं पाठवली. या माणसाने भारतीय तत्त्वज्ञानावरही एक पुस्तक लिहिलं होतं. त्याने बांधवलेल्या शिक्षण मंत्रालयाच्या चौकाच्या चार कोपऱ्यांत चार संस्कृतींची शिल्पं आहेत, स्पेन, ग्रीस, मेक्सिको आणि भारत. भारतासाठी बुद्ध. दिएगो रिवेराने १९२३ ते १९२८ या काळात या इमारतीचे मजले रंगवले, दोनशेहून अधिक चित्रं. खालच्या मजल्यावर खाणीत उतरणारे कामगार, रंगारी, कुंभार, मक्याचा सण. वर जावं तसा राजकीय सूर चढत जातो. 'शस्त्रागार' या चित्रात लाल सदऱ्यातली तरुण फ्रिदा काहलो बंदुका वाटते आहे, उजवीकडे छायाचित्रकार टिना मोदोत्ती काडतुसांचा पट्टा घेऊन उभी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका चित्रात टेबलाभोवती देशोदेशीची माणसं बसली आहेत, मागे फळांची टोपली डोक्यावर घेतलेली स्त्री आहे आणि टेबलाच्या प्रमुखपदी बसलेला माणूस भाकर मोडून वाटतो आहे. चित्राचं नाव 'आपली भाकर'. तो माणूस वर्ध्याचा आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे. त्यांच्यासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्यांच्याविषयी पुढे लिहिते.

क्रांतीच्या नावाने चाललेलं राज्य कुठवर पोचलं ते पाहायचं तर त्लातेलोल्कोला जावं. एकाच चौकात आझ्टेक मंदिराचे अवशेष, स्पॅनिश चर्च आणि आधुनिक सदनिकांचे उंच ठोकळे. २ ऑक्टोबर १९६८ च्या संध्याकाळी इथे विद्यार्थ्यांची सभा भरली होती. राजकीय कैद्यांची सुटका, दंगल पोलिसांचं विसर्जन, बोलण्याचं स्वातंत्र्य अशा साध्या मागण्या. दहा दिवसांवर ऑलिम्पिक आलं होतं आणि राष्ट्राध्यक्ष दियास ओर्दासला शहरात शांतता हवी होती. सैन्याने चौक वेढला, गोळीबार झाला. मेलेल्यांचा आकडा आजही वादात आहे. चौकातल्या शिळेवर ओळख पटलेल्या काहींची नावं आहेत, सोबत वयं, बहुतेक विशीच्या आगेमागे. ती वयं वाचताना मला पुढे जाववेना. तेव्हा दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते कवी ओक्ताव्हियो पाझ. बातमी कळताच त्यांनी निषेध म्हणून पद सोडलं. एलेना पोनियातोव्स्काने साक्षी गोळा करून १९७१ साली त्या रात्रीचं पुस्तक केलं. सरकारी स्मरणापुढे लोकांचं स्मरण टिकलं ते अशा माणसांमुळे.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात सरकार गांगरलं आणि लोकांनीच हातांनी ढिगारे उपसले. कोसळलेल्या शिलाई कारखान्यांत दबलेल्या बायकांच्या सहकाऱ्यांनी त्या तारखेच्या नावाने स्वतःची युनियन काढली. १९८८ च्या निवडणुकीत कार्देनासचाच मुलगा सत्ताधाऱ्यांविरुद्ध उभा राहिला आणि मतमोजणीची यंत्रणा ऐन वेळी 'बंद पडली'. १९९२ साली २७ वं कलम बदलून एहिदोच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली. १ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अमलात आला आणि त्याच पहाटे चियापासच्या आदिवासींनी सापाताचं नाव घेऊन उठाव केला. २००० साली जुना पक्ष हरला. १ ऑक्टोबर २०२४ रोजी क्लॉडिया शेनबॉम पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्लातेलोल्कोच्या हत्याकांडाबद्दल सरकारच्या वतीने माफी मागितली. छप्पन्न वर्षांनी.

आता खानखोजे. टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण देश सोडून बाहेर पडला, अमेरिकेत शेतकी शिकला, गदर चळवळीच्या उभारणीत होता, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढला. मायदेशाचं दार बंद झाल्यावर १९२४ साली तो मेक्सिकोला आला. मानवेंद्रनाथ रॉय त्याच्या काही वर्षं आधी येऊन, तिथला कम्युनिस्ट पक्ष स्थापण्यात पुढाकार घेऊन निघूनही गेले होते. खानखोजे राहिले. राजधानीच्या पूर्वेला तेस्कोकोजवळ चापिंगो इथे, एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या हासिएंदात, राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतंच हललं होतं. तिथे ते शिकवू लागले. मका, गहू, कडधान्यं यांवर संशोधन केलं, आणि जमीन मिळालेल्या पण बी-बियाणं, अवजारं, ज्ञान नसलेल्या शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. चिकोंकुआक गावच्या शाळेला सापाताचं नाव होतं. टिना मोदोत्तीने या कामाची छायाचित्रं काढली. बंदुकीने मिळालेली जमीन नांगराने राखावी लागते, हे त्यांनी जाणलं होतं, आणि मेक्सिकोतल्या सगळ्या पुढाऱ्यांपेक्षा हे जाणणारी माणसं मला मोठी वाटतात. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले.

चापिंगोच्या जुन्या देवघरात रिवेराने १९२४ ते १९२७ या काळात काढलेली भित्तिचित्रं त्याच्या सगळ्या कामात मला सर्वांत जवळची वाटली. एका चित्रात मक्याच्या हिरव्या शेताखाली, मातीच्या पोटात, लाल कफनांत गुंडाळलेले दोन मृतदेह आहेत, सापाता आणि शाळामास्तर मोन्तान्यो. मोन्तान्योला १९१७ साली सापाताच्याच लोकांनी फितुरीच्या आरोपावरून गोळ्या घातल्या होत्या. चित्रकाराने त्या दोघांना एकाच शेताखाली ठेवलं. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने राज्यघटनेत बदल करून जनुकीय बदल केलेला मका पेरायला बंदी घातली, तेव्हा २७ वं कलम पुन्हा उघडलं गेलं. वाद अजून जमिनीचा आणि मक्याचाच आहे.

मेक्सिकोला जाणाऱ्या मराठी माणसाने पिरॅमिड पाहावेत, फ्रिदाचं निळं घर पाहावं, पण एक दिवस चापिंगोसाठी राखून ठेवावा. राजधानीच्या पूर्व बसस्थानकावरून तेस्कोकोच्या बस दिवसभर मिळतात. देवघर विद्यापीठाच्या आवारात आहे आणि कधी कधी बंद असतं, म्हणून आधी चौकशी करावी. त्याच आवारात २०२२ साली उभारलेला खानखोज्यांचा पुतळा आहे. निघण्यापूर्वी वीणा गवाणकर यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र जरूर वाचावं.